पट्टीची टेस्ट: जतन केलेल्या निकालाशी आउटपुट ताडताना

प्रश्न थोडक्यात असा. देवगड परिसरातल्या आंबा बागायतदारांच्या एका संस्थेसाठी पट्टी छापणारं सॉफ्टवेअर आहे. किती पेट्या गेल्या, किती डझनी, काय दराने, गाडीभाडं किती, हमाली किती, आधीची उचल किती आणि शेवटी बागायतदाराच्या हातात काय पडणार, हे त्या पट्टीवर येतं. टीमने १४० नमुना नोंदी घेऊन प्रत्येकीचं आउटपुट फाइलमध्ये जतन केलंय आणि प्रत्येक बदलानंतर नवं आउटपुट त्या फाइलशी ताडलं जातं. अडचणी दोन. बिल्ड सर्व्हरवर (कोड जोडून टेस्ट आपोआप चालवणाऱ्या मशीनवर) कोड न बदलताही रोज २०-२५ टेस्ट फेल होतात. आणि खरोखर काही बदललं की शंभरावर फाइली लाल होतात, म्हणजे जुळत नाहीत, म्हणून एकच आदेश देऊन सगळ्या नव्याने जतन केल्या जातात. अशाच एका घाऊक अपडेटमधून ५० पैशांच्या राउंडिंगची चूक आत गेली आणि ऐन एप्रिलमध्ये बागायतदारांनीच ती दाखवून दिली. टेस्ट असून चूक सुटली कशी, आणि आता काय करायचं?

टेस्टने चूक पकडली होती. त्या दिवशी लाल झालेल्या शंभरावर फाइलींमध्ये ती ओळ होतीच, पण ती कोणी वाचली नाही. जतन केलेल्या फाइलीला बरोबर-चूक कळत नाही. कुणीतरी एकदा आउटपुट वाचून 'हे ठीक आहे' म्हटलं, त्याची ती नोंद असते. न वाचताच जतन केलं असेल तर तेवढीही नसते. त्यामुळे अशा टेस्टची सगळी ताकद एकाच क्षणात असते: फरक समोर येतो आणि माणूस तो वाचून मान्य किंवा अमान्य करतो तो क्षण. फाइल कशी लिहायची, काय झाकायचं, काय उघडं ठेवायचं, अपडेट कोणी करायचं, हे सगळं तो फरक छोटा, स्वच्छ आणि वाचण्याजोगा राहावा या एका कसोटीवर ठरवा.

आधी एक निदान करून घ्या, त्याला अर्धा दिवस पुरतो. कोडला हात न लावता त्याच मशीनवर १४० टेस्ट लागोपाठ दोनदा चालवा आणि पहिल्या वेळचं आउटपुट दुसऱ्या वेळच्या आउटपुटशी ताडा. जतन केलेल्या फाइली यात आणूच नका. जे वेगळं निघेल ते घड्याळ, आपोआप पडणारे नंबर किंवा बेभरवशाचा क्रम यांतून आलेलं असतं. मग मशीनचा टाइमझोन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) करून तिसऱ्यांदा चालवा. यात नव्याने निघालेला फरक तारखांचा. चौथ्यांदा बिल्ड सर्व्हरवर चालवा. इथे जे उरतं ते लोकेल (मशीनवरची भाषा-प्रदेशाची सेटिंग), लायब्ररीची आवृत्ती, ओळीच्या शेवटची चिन्हं किंवा फॉन्ट यांचं. कुठला फरक कुठल्या फेरीत पहिल्यांदा दिसला यावरूनच त्याचं कारण कळतं, एकेक टेस्ट उसवत बसावं लागत नाही.

तारखेचं गणित तुमच्या धंद्यात जास्त बोचणार. बिल्ड सर्व्हर बहुधा यूटीसीवर चालतो आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे रात्री १२ ते पहाटे ५.३० या वेळात सर्व्हरची तारीख अजून कालची असते. आंब्याच्या गाड्या बाजारात उतरतात आणि नोंदी पडतात त्या नेमक्या याच वेळात. त्यात आर्थिक वर्ष बदलतं १ एप्रिलला, हंगाम भर रंगात असताना. ३१ मार्चच्या मध्यरात्रीनंतर आलेल्या गाडीची पट्टी जुन्या वर्षाच्या नंबरात गेली तर पुढचे सगळे नंबर घसरतात. तेव्हा आउटपुटमधली तारीख नुसती झाकून टाकू नका. प्रोग्रामला घड्याळ बाहेरून द्या: 'आत्ताची वेळ' घेणारं एकच फंक्शन ठेवा, टेस्टमध्ये ते ठरलेली वेळ परत करेल, आणि टाइमझोन कोडमध्येच आशिया/कोलकाता असा स्पष्ट लिहा, मशीनवर सोडू नका. मग ३१ मार्च रात्री ११.५९, १ एप्रिल ००.०१ आणि १ एप्रिल पहाटे ५.२९ अशा तीन वेळांच्या तीन वेगळ्या टेस्ट लिहा. तारीख झाकली असती तर या तिन्ही टेस्टना काही अर्थच उरला नसता.

हाच नियम सगळीकडे लावा. अस्थिर गोष्ट आधी उगमाशी स्थिर करा, तिथे जमलंच नाही तरच आउटपुटमध्ये झाका. क्रमाचंही तसंच. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत ऑर्डर बाय (क्रम ठरवणारा भाग) दिलं नसेल तर डेटाबेस ओळी कुठल्या क्रमाने देईल याची कसलीही हमी नसते. आज नोंदल्या त्या क्रमाने येतात, उद्या इंडेक्स बदलला की वेगळ्या येतील. पायथॉनमध्ये ३.३ पासून स्ट्रिंगचा हॅश (मजकुरावरून काढलेला अंतर्गत आकडा) दर वेळी वेगळा पडतो, म्हणून सेटवर, म्हणजे क्रम नसलेल्या संचावर, फिरणारा कोड प्रत्येक रनला वेगळा क्रम देतो. डिक्शनरीने मात्र ३.७ पासून घातलेला क्रम टिकवण्याची हमी दिली आहे. गो या भाषेत मॅपवर (तिथल्या डिक्शनरीवर) फिरण्याचा क्रम मुद्दाम बेभरवशाचा ठेवलाय, लोकांनी त्यावर विसंबू नये म्हणून. आणि ऑर्डर बाय दिलं तरी नावांनुसार लावलेला क्रम कोलेशनवर, म्हणजे अक्षरांच्या क्रमाच्या नियमांवर, अवलंबून असतो. युनिकोडच्या नुसत्या क्रमांकाने लावलं तर ळ हा ल आणि व यांच्यामध्ये येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. लिनक्सवरच्या जीलिबसी लायब्ररीने २०१८ मध्ये २.२८ आवृत्तीत क्रमाचे नियमच बदलले, आणि ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड केल्यावर डेटाबेसमधल्या याद्यांचा क्रम बदलल्याचं अनेकांना तेव्हा दिसलं. यावर उपाय साधा आहे. नावानंतर शेवटचा निकष म्हणून बागायतदाराचा खाते क्रमांक द्या आणि कोलेशन क्वेरीत स्पष्ट लिहा. तुलनेच्या आधी दोन्ही फाइली सॉर्ट करून मोकळं व्हायचा मोह होतो, पण पट्टीवर तपशिलाच्या ओळी कुठल्या क्रमाने छापल्या जातात हे वाचणाऱ्यासाठी महत्त्वाचं असतं. सॉर्ट केलंत की ती चूक टेस्टला कधीच दिसणार नाही.

जे झाकायचंच आहे ते नेमकं झाका. पट्टी क्रमांक डेटाबेस देतो, तो दर वेळी वेगळा येतो, तर त्याच्या जागी 'पट्टी-१', 'पट्टी-२' असे शब्द पहिल्यांदा दिसल्याच्या क्रमाने घाला. सगळीकडे एकच 'क्रमांक' हा शब्द घातलात तर वरच्या मथळ्यातला नंबर आणि खालच्या पावतीतला नंबर जुळतो की नाही ही तपासणीच निघून जाते. दुसरी खबरदारी रेग्युलर एक्स्प्रेशनची, म्हणजे मजकूर शोधायच्या नमुन्याची. 'कुठलाही पाच अंकी आकडा' असा नमुना लिहिलात तर तो पट्टी क्रमांकाबरोबर ५८२६५ ही रक्कमही गिळेल, आणि हाती पडणारी रक्कम कितीही चुकली तरी टेस्ट हिरवी राहील. नमुना कायम लेबलाला बांधा: 'पट्टी क्र.' या शब्दांनंतरचा आकडा, एवढंच. झाकण्याचे सगळे नियम एकाच फाइलमध्ये ठेवा, आणि प्रत्येक नियमाने किती जागा झाकल्या ते टेस्टच्या शेवटी छापा. काल १४० जागा झाकणारा नियम आज ३९० झाकू लागला तर लगेच बघा.

मराठी मजकुरातले न दिसणारे फरक

हा भाग थोडा लांबवतोय, कारण इतर भाषांतल्या मार्गदर्शनात तो सहसा सापडत नाही आणि तुमच्या फेल होणाऱ्या टेस्टपैकी बऱ्याच यातल्या असण्याची शक्यता आहे. पडद्यावर दोन ओळी अक्षरशः सारख्या दिसतात आणि डिफ (दोन फाइलींतला फरक दाखवणारा आदेश) म्हणतो वेगळ्या. पट्टीवर रक्कम अक्षरी छापत असाल तर चौऱ्याहत्तर, चौऱ्याऐंशी, चौऱ्याण्णव हे शब्द तपासा. यातला अर्धा र दोन पद्धतींनी लिहिला जातो. एक, ०९३१ या युनिकोड क्रमांकाचा ऱ आणि त्याला हलन्त. दोन, ०९३० हा साधा र, त्याला हलन्त आणि पुढे २००डी हा न दिसणारा जोडक. काही कीबोर्ड एक पद्धत वापरतात, काही दुसरी. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारी प्रक्रिया) इथे अर्धंच काम करतं. र आणि खालचा नुक्ता असं सुटं लिहिलेलं असेल तर ते त्याचा ऱ करून देतं. पण जोडक वापरून लिहिलेल्या रूपाला ते हात लावत नाही, कारण युनिकोडच्या लेखी त्या दोन वेगळ्या अक्षरमालिका आहेत.

दुसरा शब्द ॲडव्हान्स. उचलीच्या रकान्याला अनेक ठिकाणी हेच लेबल असतं. ॲ हे ०९७२ हे एकच अक्षर असू शकतं, किंवा ०९०५ हा अ आणि त्यावर ०९४५ हा चंद्र अशी दोन अक्षरं, किंवा त्या दोहोंच्या मध्ये जोडकसुद्धा. एनएफसी या तिन्हींना एक करत नाही. हे तुम्हालाच करावं लागेल, स्वतःची छोटी तक्ता-फाइल ठेवून: जोडकाचा र आला की त्याचा ऱ व्हायचा, अ अधिक चंद्र आलं की ॲ व्हायचा.

आता हा तक्ता कुठे लावायचा? तुलना करणाऱ्या कोडमध्ये लावलात तर टेस्ट गप्प बसेल, पण डेटाबेसमध्ये एकाच वाडीचं नाव दोन प्रकारे लिहिलेलं तसंच राहील, नाव शोधलं तर निम्म्या पट्ट्या सापडणार नाहीत आणि वर्षअखेरीच्या एकत्रित हिशेबात एका माणसाची दोन खाती दिसतील. म्हणून तक्ता सॉफ्टवेअरमध्येच लावा, नोंद आत येते त्या दारात. टेस्टने इथे खरी चूक दाखवली आहे, तिला तुलनेत झाकणं हे नुकसान आहे.

आकड्यांचंही असंच. लोकेल मराठी असेल तर काही लायब्ररी अंक देवनागरीत देतात, सर्व्हरवर लोकेल नसेल तर इंग्रजी. हजारांनंतरचा स्वल्पविराम लाखाच्या पद्धतीने १,२३,४५६ असा पडेल की १२३,४५६ असा, तेही लोकेलवर. जावाने २०१७ मध्ये ९व्या आवृत्तीपासून लोकेलची माहिती सीएलडीआर या युनिकोडच्या माहितीसंचातून घ्यायला सुरुवात केली आणि तारखांचे साचे बदलले. २०२३ च्या २० व्या आवृत्तीत इंग्रजी वेळेतल्या एएम-पीएमच्या आधीची साधी मोकळी जागा जाऊन तिथे २०२एफ ही अरुंद, न तुटणारी जागा आली. डोळ्यांना कळत नाही, टेस्ट मात्र लाल. जावा वापरत असाल आणि सर्व्हरवरची आवृत्ती तुमच्या मशीनपेक्षा नवी असेल तर हे आधी बघा. लोकेल टेस्टमध्ये गृहीत धरू नका, प्रत्येक फॉरमॅट करणाऱ्या फंक्शनला स्पष्ट द्या.

असा फरक शोधताना डिफच्या आउटपुटकडे टक लावून उपयोग नाही. ज्या ओळीत फरक आहे तेवढीच घ्या आणि प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक नावासकट छापणारी चार ओळींची स्क्रिप्ट चालवा. पायथॉनमध्ये युनिकोडडेटा मॉड्यूलचं नेम हे फंक्शन ते करतं. ही स्क्रिप्ट टेस्टच्या चौकटीतच बसवा: दोन ओळी पडद्यावर सारख्या दिसूनही जुळत नसतील तर फेल होताना क्रमांक आपोआप छापले जातील.

ओळीच्या शेवटाचं एका परिच्छेदात. विंडोजवर ओळ सीआर आणि एलएफ या दोन चिन्हांनी संपते, लिनक्सवर एलएफने. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट हे साधन ती मध्येच बदलू शकतं. गिटॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये जतन केलेल्या निकालांच्या फोल्डरला ओळीचा शेवट एलएफच राहील असं लिहून टाका. एक्सेलमधून किंवा नोटपॅडमधून फाइल जतन केली असेल तर सुरुवातीला बीओएम नावाची तीन बाइट चिकटलेली असू शकतात. अपेक्षित फाइल कधीही हाताने एडिटरमध्ये उघडून सुधारू नका, ती नेहमी प्रोग्रामनेच लिहावी.

५० पैसे कसे सुटले

एक पट्टी घेऊ. ५ डझनी २४ पेट्या, दर २,४०० रुपये: ५७,६००. ६ डझनी १३ पेट्या, दर १,८५०: २४,०५०. एकूण ८१,६५०. वजावट: ३७ पेट्यांचं गाडीभाडं ८५ प्रमाणे ३,१४५, हमाली ६.५० प्रमाणे २४०.५०, उचल २०,०००. उरले ५८,२६४.५०. जवळच्या रुपयात किती? जावास्क्रिप्टचं मॅथ राउंड ५८,२६५ सांगेल. पायथॉनचं राउंड ५८,२६४ सांगेल, कारण नेमका अर्धा असला की ते सम संख्येकडे झुकतं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये न्यूमेरिक (नेमके दशांश ठेवणाऱ्या) प्रकारातली रक्कम असेल तर ५८,२६५, पण तीच डबल प्रिसिजनमध्ये ठेवली असेल तर बहुतेक मशीनवर ५८,२६४. म्हणजे राउंडिंगचं काम डेटाबेसमधून काढून पायथॉनमध्ये नेलं, किंवा रकान्याचा प्रकार बदलला, एवढ्यानेच हिशेब बदलतो, आणि कोड वाचणाऱ्याला त्यात काही वावगं दिसत नाही. हमाली ६.५० असल्यामुळे पेट्यांची संख्या विषम असली की पट्टी अर्ध्या रुपयावर येते, त्यामुळे हे विरळा नाही.

यातून तीन गोष्टी करा. पैसे पूर्णांकात, पैशांमध्येच साठवा: ५८२६४५०. तुलना तंतोतंत करा, पैशांच्या रकान्याला टॉलरन्स (फरकाची मुभा) शून्य. कॅनिंगचा (डबाबंद करण्यासाठीचा) माल किलोवर जातो, तिथे वजनात अपूर्णांक येतो. वजनाला ग्रॅमची मुभा द्यायची असेल तर त्या एका रकान्यापुरती द्या, सगळ्या फाइलला एकच ढोबळ मुभा कधीही देऊ नका. आणि राउंडिंगचा नियम संस्थेच्या हिशेबनिसाकडून लेखी घ्या. तो नियम काय असावा हे टेस्ट ठरवू शकत नाही, प्रोग्रामरनेही ठरवू नये.

आता महत्त्वाचा भेद. जतन केलेल्या फाइली दोन जातींच्या असतात आणि त्या दोन वेगळ्या फोल्डरमध्ये हव्यात. पहिली जात: हिशेबनिसाने कागदावर स्वतः मांडून, सही करून दिलेल्या पट्ट्या. यांचा आकडा कोडमधून आलेला नाही, बाहेरून आला आहे. अशा १२ ते १५ पुरतात, पण त्या निवडून घ्या: ५० पैशांवर येणारी, उचल मालाच्या रकमेपेक्षा जास्त असल्याने उणे जाणारी, लाखाचा उंबरठा ओलांडणारी, सगळा माल खराब निघाल्याने शून्याची, पेटी आणि कॅनिंग दोन्ही असलेली, ३१ मार्च-१ एप्रिलची, नावात ऱ असलेली. या फोल्डरला अपडेटचा आदेश लागूच होता कामा नये. बदल करायचा तर पुन्हा सही लागेल. दुसरी जात: बाकीच्या सगळ्या. त्या 'आज प्रोग्राम असं वागतो' एवढंच सांगतात. जुन्या कोडला हात घालताना त्या अनमोल असतात, पण त्या बरोबर असल्याचा दावा कोणी करू नये.

फाइल वाचण्याजोगी करा

शंभर फाइली एकदम लाल होण्याचं कारण बहुतेक वेळा हे: प्रत्येक फाइलमध्ये पूर्ण पट्टी आहे, संस्थेच्या नाव-पत्त्यापासून तळटीपेपर्यंत. फोन नंबर बदलला की १४० फाइली बदलल्या. मथळा आणि तळटीप एकाच टेस्टमध्ये तपासा, बाकी १३९ मध्ये फक्त हिशेबाचा भाग जतन करा, एका ओळीला एक गोष्ट:

माल: हापूस | ५ डझनी | पेट्या २४ | दर २४००.०० | रक्कम ५७६००.००
माल: हापूस | ६ डझनी | पेट्या १३ | दर १८५०.०० | रक्कम २४०५०.००
वजा: गाडीभाडे ३१४५.००
वजा: हमाली २४०.५०
वजा: उचल २००००.००
निव्वळ: ५८२६४.५०
− देय: ५८२६५
+ देय: ५८२६४

शेवटच्या दोन ओळी म्हणजे डिफमध्ये दिसेल तो फरक. वजाची जुनी, अधिकची नवी. वर निव्वळ तसंच आहे आणि खाली देय बदललंय, हे पाहून पट्टी कळणारा कोणीही सांगेल की राउंडिंग बदललं. हीच माहिती जेसन या डेटाच्या साच्यातल्या एका लांब ओळीत असती तर ३००० अक्षरांच्या दोन ओळी समोर आल्या असत्या आणि कोणी वाचल्या नसत्या. स्वल्पविराम आणि रुपयाचं चिन्ह इथे नको, फॉरमॅटिंगच्या टेस्ट वेगळ्या ठेवा.

पीडीएफ बाइटनिशी ताडत असाल तर आजच थांबवा. त्यात तयार झाल्याची वेळ असते, फाइलची ओळख असते, फॉन्टच्या तुकड्यांना दिलेली नावं असतात. पीडीएफमधून मजकूर काढून ताडणंही देवनागरीत भरवशाचं नाही: ऱ्हस्व वेलांटी जागा बदलते, जोडाक्षरं तुटतात. पट्टी पीडीएफकडे जाण्याआधीचा मजकूर ताडा. मांडणीसाठी तीन-चार पानांची चित्रं पुरे, ती एकाच कंटेनरमध्ये (सगळीकडे सारख्याच चालणाऱ्या बंदिस्त वातावरणात), एकाच फॉन्ट फाइलने बनवलेली, थोड्या पिक्सेलच्या मुभेसह. जोडाक्षर तुटणं, रकाना कडेला कापला जाणं, एवढंच त्यातून पकडायचं आहे.

ताडणाऱ्या स्क्रिप्टमधली छिद्रं

डिफ आदेश तीन उत्तरं देतो: ० म्हणजे सारखं, १ म्हणजे फरक, २ म्हणजे गडबड, उदाहरणार्थ फाइलच सापडली नाही. स्क्रिप्टने १ आणि २ यांना वेगळं वागवावं. डिफचं आउटपुट पुढे हेड (फक्त सुरुवातीच्या ओळी दाखवणारा) आदेशाला पाइप केलं, म्हणजे थेट जोडून दिलं, असेल तर शेलला उत्तर मिळतं ते हेडचं, डिफचं नव्हे, आणि ते ० असतं. बॅश शेलमध्ये पाइपफेल हा पर्याय चालू करा, म्हणजे साखळीतल्या डिफचं उत्तर हरवणार नाही. दुसरं छिद्र रिकाम्या फाइलीचं: प्रोग्राम सुरुवातीलाच कोसळला, आउटपुट रिकामं आलं, घाऊक अपडेटमध्ये रिकामीच फाइल जतन झाली, आणि तेव्हापासून रिकामं रिकाम्याशी जुळतंय. आजच शोधा, शून्य बाइटच्या किंवा 'देय' ही ओळ नसलेल्या फाइली तुमच्याकडे किती आहेत. तिसरं: अपेक्षित फाइल नसेल तर काही साधनं ती निमूट तयार करून टेस्ट पास करतात. जेस्ट या जावास्क्रिप्टच्या टेस्ट-साधनाला बिल्ड सर्व्हरवर सीआयचा पर्याय दिला की नवा स्नॅपशॉट (जतन करायचा निकाल) आपोआप लिहिला जात नाही. तुमचं साधन काय करतं ते एक फाइल खोडून प्रत्यक्ष पाहा.

मांडणी कशी असावी याचा चांगला नमुना पोस्टग्रेसच्या स्वतःच्या रिग्रेशन टेस्टमध्ये आहे. अपेक्षित निकाल एका फोल्डरमध्ये, ताजे निकाल दुसऱ्यात, आणि सगळे फरक एकाच फाइलमध्ये गोळा. लोकेलमुळे खरोखरच दोन उत्तरं बरोबर असू शकतील तिथे ते अपेक्षित फाइलच्या नावाला अंक जोडून पर्यायी फाइल ठेवतात. ही शेवटची सोय त्यांना शोभते, कारण त्यांचं सॉफ्टवेअर जगभरच्या मशीनवर चालतं. तुमची पट्टी एकाच उत्तराची असली पाहिजे, तेव्हा ती उचलू नका.

अपडेट कसं करायचं

ताजं आउटपुट अपेक्षित फाइलीच्या शेजारी वेगळ्या नावाने पडावं आणि माणसाने एकेक मान्य करावं. अप्रूव्हलटेस्ट्स ही लायब्ररी हेच करते, रस्टमधल्या इन्स्टाला तर यासाठी वेगळा रिव्ह्यू आदेश आहे. सगळं एकदम मान्य करणारा पर्याय बिल्ड सर्व्हरवरून काढून टाका.

शंभर फाइली खरोखरच बदलणार असतील, समजा हमालीचा दर बदलला, तर शंभर डिफ वाचायचे नसतात, ते गटात बांधायचे असतात. सगळ्या डिफमधल्या फक्त वजा-अधिकच्या ओळी घ्या, रकमांच्या जागी एकच खूण घाला, सॉर्ट करा आणि युनिक आदेशाला मोजायला सांगा. अपेक्षा असेल 'हमाली, निव्वळ आणि देय या ओळी बदलल्या'. यादीत चौथ्या प्रकारची ओळ दोनच फाइलींत दिसली, समजा 'गाडीभाडे', तर त्या दोन फाइली उघडून नीट वाचा. मग प्रत्येक गटातली एक फाइल पूर्ण वाचा आणि फरकाचा आकडा हाताने मांडा: ३७ पेट्या, हमाली ६.५० ची ७ झाली, तर वजावट १८.५० ने वाढली पाहिजे. तेवढीच वाढली का?

अपेक्षित फाइलींचा बदल वेगळ्या कमिटमध्ये (गिटमधल्या बदलाच्या नोंदीत), कोडच्या कमिटच्या लगोलग. संदेशात कारण आणि फाइलींची संख्या लिहा: 'हमाली ६.५० वरून ७, ११२ फाइली, फक्त हमाली-निव्वळ-देय'. रिव्ह्यू करणाऱ्याने ती संख्या स्वतः पडताळायची. आणि शक्य असेल तर रिव्ह्यूला संस्थेतला पट्टी लिहिणारा माणूस बसवा. कोड कळत नसला तरी वरच्यासारखी फाइल तो प्रोग्रामरपेक्षा लवकर वाचतो.

शेवटी टेस्टचीच टेस्ट घ्या. कोडमध्ये मुद्दाम पाच चुका एकेक करून घाला: राउंडिंग समकडे वळवा, हमाली वगळा, उचल दोनदा वजा करा, ५ डझनी आणि ६ डझनी यांचे दर अदलाबदल करा, तारीख यूटीसीत घ्या. प्रत्येक वेळी किती टेस्ट लाल झाल्या ते लिहून ठेवा. एकही झाली नाही तर तिथे नमुना नोंद कमी आहे. राउंडिंगच्या चुकीला फक्त अर्ध्या रुपयाच्या नोंदी लाल झाल्या पाहिजेत. सगळ्याच १४० झाल्या तर फाइलींत अजून नको ते खूप आहे.

तुमच्या क्रमाबद्दल. हंगाम चालू असताना मोठी तोडफोड करू नका, आत्ता फक्त हे: घाऊक अपडेट बंद, शून्य बाइटच्या फाइली शोधणं, पाइपफेल, आणि सही केलेल्या १२-१५ पट्ट्यांचं वेगळं फोल्डर. एवढ्याला दोन दिवस पुरतील आणि राउंडिंगसारखी चूक पुन्हा निमूट आत जाणार नाही. घड्याळ, क्रम, ऱ-ॲ चा तक्ता आणि फाइली छोट्या करणं हे जूनमध्ये, पाऊस लागला आणि पट्ट्या थांबल्या की घ्या. तक्ता लावताना जुन्या नोंदींतली नावंही एकदा फिरवून घ्यावी लागतील, त्याआधी डेटाबेसचा बॅकअप घ्या आणि बदललेल्या नावांची यादी संस्थेला वाचायला द्या. पुढच्या वर्षी पहिली पेटी निघण्याआधी सही केलेल्या पट्ट्या नव्या दरांनी पुन्हा मांडून घ्या, कारण गाडीभाडं आणि हमाली तोवर बदललेली असणार.